बाहेरून घेतलेलं माप

माझ्या भासऱ्यांनी माझ्या खोलीत कधी पाय ठेवला नाही, आणि त्यामुळेच माझ्या खिडक्यांचे पल्ले दोन बोटं कमी आले. हे मी आज हसून सांगते. त्या दिवशी हसले होते तेही सांगते, आणि ते हसू किती वेळ टिकलं तेही.

भासरे म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे लहान भावाची बायको त्यांच्यासमोर डोक्यावरून पदर घेते, त्यांच्याशी थेट बोलत नाही, आणि ते तिच्या खोलीचा उंबरठा ओलांडत नाहीत. आताच्या शिकलेल्या पोरी हे मानत नाहीत, चांगलं करतात. मी मानलं. पण म्हणून मी गरीब गाय होते असं कोणी समजू नये. पदराआड दात-ओठ खाता येतात, ही मला त्या रिवाजातली एकच सोय दिसली. अठ्ठावीस वर्षं एकत्र राहून आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. भांडलो मात्र रोज.

घर वर्ध्याकडच्या सेलू तालुक्यात, गावाच्या कडेला. दीड एकरात वांगी, टमाटर, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर लावतो, आणि बाजाराच्या दिवशी मी माल घेऊन सेलूला बसते. पोरगी लग्न होऊन गेली. जाऊबाई वारल्या त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून भासऱ्यांचं ताट मीच वाढते. ताट ठेवायचं, पाण्याचा गडवा ठेवायचा, आणि निघून यायचं. भाजीत मीठ जास्त झालं तर ते माझ्या नवऱ्याला सांगत, माझा नवरा मला सांगे, आणि मी माझ्या खोलीच्या खिडकीशी जाऊन उत्तर देई.

ती खिडकी अंगणाकडे आहे. समोर निंबाखाली त्यांची खाट. मी पल्ले, म्हणजे खिडकीच्या लाकडी झडपा, लोटून घ्यायचे, मधल्या फटीशी तोंड न्यायचे आणि पल्ल्याशी बोलायचे. ऐकणाऱ्याने ऐकावं. मीठ जास्त झालं म्हणणाऱ्यांनी स्वतः चुलीसमोर बसून पाहावं, असं मी पल्ल्याला सांगायचे. रिवाजही मोडत नव्हता आणि पोटातलं बाहेरही पडत होतं.

हे पल्ले माझ्या बापानं दिलेले होते. सगळं भांडण तिथूनच सुरू होतं.

बावीस वर्षांपूर्वी घर बांधलं तेव्हा खिडक्यांच्या चौकटी सिमेंटच्या ओतून बसवल्या आणि पल्ल्यांचं पुढे पाहू म्हणून पोती बांधून ठेवली. घरभरणीच्या, म्हणजे वास्तुशांतीच्या दिवशी माझा बाप वडनेरहून मेटॅडोर घेऊन आला. त्यात पाच खिडक्यांचे दहा पल्ले. माहेरच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एक साग होता, माझ्या जन्माच्या आधीचा. रीतसर परवानगी काढून तो तोडला आणि त्याचे पल्ले करून हिरवा ऑइलपेंट मारून आणला होता. बाकीच्या पाहुण्यांनी आहेरात साड्या आणल्या, ताटं-वाट्या आणल्या. माझ्या बापानं साग आणला. बायका पल्ल्यांना हात लावून पाहत होत्या आणि मी त्या दिवशी सबंध घरात छाती काढून फिरले.

भासऱ्यांनी एक पल्ला उचलला. मग दुसरा उचलला. मग पुन्हा पहिला उचलून बोटाच्या पेराने ठोकून पाहिला. तोंडातून चांगलं म्हणून एक अक्षर नाही. थोड्या वेळाने मी भांडी घासायला मागच्या दारी गेले तर तिथं माझा बाप त्यांच्यासमोर हात जोडून उभा होता. मला पाहून त्याने हात खाली घेतले. मी काय समजायचं ते समजले. मुलीचा बाप एवढं करून आला, तरी या माणसाने काहीतरी खोट काढली, मानपानाचं उकरून काढलं आणि म्हाताऱ्याला हात जोडायला लावले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बापाला विचारलं तर तो म्हणाला काही नाही, काही नाही, आणि जेवायला बसला. बाप जाऊनही आता अकरा वर्षं झाली. ते जोडलेले हात मी भासऱ्यांना माफ केले नाहीत.

पल्ल्यांच्या खोडी मला माहीत नव्हत्या असं नाही. पावसाळ्यात ते फुगायचे, बुक्की मारल्याशिवाय लागायचे नाहीत आणि लागले की उघडायचे नाहीत. दर दोन वर्षांनी खरवडून रंग द्यावा लागायचा, तो मी माझ्या हाताने दिला. होळी झाली की खिडकीत कूलर बसवायचा, म्हणजे माझ्या खोलीतले पल्ले बिजागरीतून काढून खिडकीखाली भिंतीशी उभे करायचे आणि पाऊस लागायच्या आधी पुन्हा चढवायचे. हे काम माझा नवरा करी. उन्हाळाभर खिडकीखाली पिवळसर पीठ पडे, कूलरच्या गवताचा भुसा असेल म्हणून मी झाडून टाकी.

आणि दरवर्षी महालक्ष्म्यांच्या आधी घर साफ करताना भासरे बाहेरून माझ्या खोलीचे पल्ले ठोकायचे. टक टक टक. मी आत असले तरी. समोरच्या बैठकीतल्या तीन खिडक्यांना ते हातही लावत नसत, माझ्याच दोन. बाईमाणूस आत आहे, ठोकता काय, असं मी फटीतून पल्ल्याला विचारी. एकदा भासऱ्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं की हे लाकूड काही फार दिवसांचं नाही. तेव्हा मी जे बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतं. मी म्हणाले, "माह्या माहेरचं लाकूड आतून भरीव हाय, इथल्या मानसाइवानी पोकळ नाई." निंबाखाली खाट करकरली. जिंकले म्हणून मी त्या दिवशी गोड केलं.

गेल्या वर्षी चैत्रात भासऱ्यांनी वर्ध्याच्या एका दुकानातून तळहाताएवढा तुकडा आणला. कंपोझिट म्हणतात, लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र मळून केलेला. वरून लाकडाच्या रेषा छापलेल्या. पाणी लागत नाही, कीड लागत नाही, फुगत नाही, रंग नको, असं दुकानदाराने पढवलं होतं आणि ते त्यांनी माझ्या नवऱ्याला माझ्या खिडकीखाली उभं राहून सांगितलं. मग तो तुकडा अंगणात बादलीत बुडवून ठेवला. आठ दिवस. रोज सकाळी बाहेर काढायचा, खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसायचा, वर धरून पाहायचा आणि पुन्हा बुडवायचा. लग्नाच्या मुलीलाही कोणी एवढं निरखत नसेल.

नवव्या दिवशी मी तो तुकडा बादलीतून काढला आणि भाकरी झाल्यावर तापलेल्या तव्यावर ठेवला. नरमला, वास सुटला, चिमट्याने उचलला तर मान टाकली. दुपारी तो तसाच वाकडा त्यांच्या ताटाशेजारी ठेवला, लोणच्याच्या बाजूला. त्यांनी हातात घेऊन उलटासुलटा पाहिला, शांतपणे जेवले, आणि तो तुकडा खिशात घालून गेले. मला वाटलं विषय संपला. आपल्या घरच्या खिडक्यांवर कोणी तवा ठेवत नाही, हे भासऱ्यांच्या ध्यानात आलं असेल याचा मी विचारच केला नाही.

यात खरा गुन्हेगार माझा नवरा. त्याचा जन्म मधल्या निरोपांत गेला आहे आणि त्यात तो तरबेज झाला आहे. दोन्हीकडचा निरोप नेताना तो त्यातलं हाड काढून टाकतो. मी म्हणाले, माझ्या बापाच्या पल्ल्यांना हात लावला तर मी वडनेरला निघून जाईन. त्याने दादाला सांगितलं, तिचं काही म्हणणं नाही, फक्त जुने पल्ले जपून ठेवा म्हणते. भासरे म्हणाले, या पावसाळ्याआधी बदलायचेच. त्याने मला सांगितलं, दादा नुसते भाव विचारून राह्यले. दोघं थेट बोललो असतो तर पाच मिनिटांत एकमेकांची डोकी फोडून मोकळे झालो असतो. बोललो नाही, म्हणून पल्ले बनायला गेले.

माप भासऱ्यांनी स्वतः घेतलं. बैठकीतल्या तीन खिडक्यांचं आतून, नीट. माझ्या खोलीत तर ते येणार नाहीत, आणि माझ्या नवऱ्याने टेप घेऊन आत मोजायला घेतलं असतं तर मी विचारलं असतं हे काय चाललंय. म्हणून माझ्या दोन खिडक्या त्यांनी बाहेरून, अंगणात उभं राहून मोजल्या. सगळ्या खिडक्या एकाच मापाच्या होत्या, पण हा माणूस विश्वास ठेवतो तो फक्त टेपवर. आता, पल्ला बसतो चौकटीच्या आतल्या खाचेत. ती खाच बाहेरून दिसत नाही.

मृगाच्या तोंडावर, बाजाराच्या दिवशी मी सेलूहून परत आले, रिकाम्या पाट्या डोक्यावर. अंगणात माझ्या बापाचे सहा पल्ले निंबाला टेकून उभे. बैठकीच्या तिन्ही खिडक्यांना नवे, बदामी रंगाचे, गुळगुळीत पल्ले. बिजागरीचा आवाजही येत नव्हता. दुकानाचा माणूस माझ्या खोलीच्या दारात अवघडून उभा, कारण घरची बाई घरी नव्हती. माझा नवरा विहिरीत पाहत होता.

काय बोलले ते लिहीत नाही. अर्ध्या गावाने ऐकलं, त्यांना विचारावं.

नवऱ्याने माझ्या हातापाया पडून त्या माणसाला आत घेतलं. त्याने जुने पल्ले उघडून नवा पल्ला माझ्या चौकटीला लावून पाहिला. वर सरकवला, खाली सरकवला. दोन बोटं कमी. दुसरी खिडकीही तशीच. लाकूड असतं तर सुताराने पट्टी ठोकून भागवलं असतं. या मालाला जोड लागत नाही म्हणे, मापाने येतो आणि मापानेच राहतो. माप कोणी घेतलं, त्याने विचारलं. मग त्याने बाहेर जाऊन पाहिलं, आत येऊन पाहिलं, आणि म्हणाला, हे तर बाहेरून घेतलं आहे, घरात यायला काय झालं होतं?

मी हसले. दार, खिडक्या, अंगण सगळीकडे ऐकू जाईल असं हसले. ज्या रिवाजाने मला अठ्ठावीस वर्षं पदराखाली ठेवलं त्याने आज यांनाच तोंडघशी पाडलं होतं. मी त्या माणसाला सांगितलं, हे आपले पल्ले उचल आणि माझ्या बापाचे आहेत तसे राहू दे. तो स्क्रू काढायचा पेचकस पिशवीत टाकायला लागला.

तेव्हा अंगणातून भासऱ्यांचा आवाज आला, माझ्या नवऱ्याला उद्देशून. "समोरचे नसते काढले तरी चाललं असतं. आतले दोन काढाचेच होते. त्याच्यासाठीच तं सगळं केलं."

माझं हसू तिथंच थांबलं. समोरचे नसते काढले तरी चाललं असतं? मी बाहेर आले. पदर खांद्यावर होता, तो मी डोक्यावर घेतला नाही. त्यांना काय म्हणून हाक मारायची हेही मला माहीत नव्हतं, कधी मारलीच नव्हती.

"काऊन?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"त्यायच्याकडे नोका पाहू. मी विचारून राह्यली. माह्या बापाचे पल्ले तुमच्या डोळ्यात काऊन खुपते?"

मग ते निंबाकडे पाहत बोलले. "समोरचे तीन सागाचे हायेत. तुमच्या खोलीतले दोन आडजात."

आडजात म्हणजे सागाशिवायचं कोणतंही लाकूड, जळणाच्या ढिगातून निवडून काढावं असं. मी म्हणाले खोटं आहे.

"एका झाडाच्या तीनच खिडक्या झाल्या. म्हनून पेंट मारला, दिसू नये म्हनून. सागाले कोनी पेंट मारते का? मी उचलला तं हलका लागला. घरभरणीच्या दिवशी त्यायनं हात जोडले मले. म्हने, पोरीले सांगू नका, सासरी तिची मान खाली जाईन."

त्यांनी दुकानाच्या माणसाकडून पेचकस मागून घेतला आणि माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवला, आणि बाजूला झाले. तेवढा रिवाज त्यांनी तेव्हाही पाळला. मी पेचकस उचलला, खोलीत गेले आणि माझ्याच हाताने रंगवलेल्या पल्ल्यावर टेकवून दाबला. जोर लागलाच नाही. आरपार गेला, टोक अंगणात निघालं. माझ्या पायावर पीठ पडलं, तेच पिवळसर पीठ, जे मी उन्हाळ्यामागून उन्हाळे कूलरचा भुसा म्हणून झाडत होते. आत घुणाने काही ठेवलं नव्हतं. रंगाच्या दोन कातड्या उभ्या होत्या आणि त्यांना मी दर दोन वर्षांनी तिसरी चढवत होते.

नवऱ्याला विचारलं, तुम्हाला माहीत होतं? दरवर्षी हे पल्ले काढत होता, उचलत होता. तो माझ्या रिकाम्या पाट्या एकात एक रचायला लागला.

मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो कोणावर काढू ते समजेना. सगळ्यात आधी बापावर आला. झाड एक होतं तर तीन खिडक्या आणायच्या होत्या, मी कमी मानले असते का? आणि आणल्याच पाच, तर सांगून साग कुठं बसवून घेतला? जिथं पाहुणे बसतात तिथं. जिथं पोरगी झोपते तिथं आडजात. माझी मान खाली जाऊ नये म्हणून म्हणे. मान माझी की त्याची? मेलेल्या माणसाला हे विचारता येत नाही, म्हणून मी ते अजून विचारत असते.

मग भासऱ्यांवर आला. आतून भरीव, पोकळ नाही, असं मी ज्या फटीतून ओरडले ती फट त्या दोन पल्ल्यांतलीच होती. बावीस वर्षं त्यांनी ते ऐकून घेतलं. दिलेला शब्द पाळला म्हणावं तर पाळला. पण बाई फुशारकी मारते आहे आणि आपल्याला आतली गोष्ट माहीत आहे, याची खाटेवर पडल्या पडल्या मजा वाटली नसेल कशावरून? मला ठरवता आलेलं नाही. चांगुलपणाचं ओझंही काही कमी नसतं, आणि ते मी मागितलं नव्हतं. दोन खोट्या खिडक्यांसाठी पाचही खिडक्या बदलायला निघाले, म्हणजे मला कारण कळू नये. आणि शेवटी अंगणात, परक्या माणसादेखत, सांगूनच टाकलं.

त्या दुकानाच्या माणसाकडून मी काम करून घेतलं. निंबाला टेकलेल्या सहा पल्ल्यांतले चार माझ्या खोलीला चढवले, बरोब्बर बसले. दोन बोटं कमी आलेले कंपोझिटचे पल्ले मळ्यात मोटरीच्या खोलीला गेले, तिथं फटीतून पाल आत-बाहेर करते. आडजात पल्ले मी पाणी तापवायच्या चुलीत घातले. एका सकाळीच संपले.

सागाच्या पल्ल्यांवरचा हिरवा रंग मी खरवडून काढला. पंधरा दिवस लागले, नखं गेली. खाली माझ्या बापाचं झाड निघालं. तेवढं तरी खरं होतं.

आता बैठकीत येणारा पाहुणा कंपोझिटवरच्या छापील रेषांवरून हात फिरवतो आणि म्हणतो, वा, सागाचे काय सुंदर पल्ले आहेत. मी चहा ठेवते आणि आत जाते. आणि खरं सांगायचं तर ते पल्ले वाईट नाहीत. गेल्या पावसाळ्यात एका बोटाने उघडत होते, एका बोटाने लागत होते, आणि माझा साग पहिल्या आठवड्यातच फुगून हट्टाला पेटला. भासऱ्यांची निवड बरोबर होती हे मी इथं लिहिते, त्यांना सांगणार नाही.

बोलणं म्हणाल तर त्या दिवसानंतर वाढलं नाही. ताट ठेवते, गडवा ठेवते, निघून येते. मला तो माणूस आधीही आवडत नव्हता, आताही आवडत नाही. फरक इतकाच की आता माझ्याकडे कारण उरलेलं नाही, आणि त्याचा मला जास्त राग येतो.

महालक्ष्म्यांच्या आधी मी खोलीतली जाळी काढत होते. पल्ले लोटलेले होते. बाहेर पावलं थांबली आणि पल्ल्यावर बोटाचं पेर वाजलं. टक टक टक. मी झाडू तसाच वर धरून थांबले. आवाज घट्ट होता, मलाही फरक ऐकू आला.

"भरीव हाय," बाहेरून भासरे म्हणाले. मला नाही, पल्ल्याला.

माझाच शब्द होता. मी झाडू ठेवला आणि आतून कडी घातली. पल्ला फुगलेला होता, दोनदा बुक्की मारावी लागली.